नाना निवाऱ्यात

महापालिकेच्या पांढऱ्या गाडीत माझे सासरे चढताना मी गॅलरीतून स्वतः पाहिले, आणि मला वाटलं, कुणीतरी त्यांना उद्घाटनाला नेत असेल.

तसं वाटायला कारणही होतं. आमच्या घरात तेव्हा उद्घाटनं, निवेदनं, शिष्टमंडळं यांचा नुसता सुळसुळाट होता. माझा नवरा विद्याधर टेंभे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा आणि शिकवून उरलेलं राज्यशास्त्र कॉलनीवर वापरायचा. ‘जागृत नागरिक मंच’ त्यानंच काढलेला, अध्यक्षही तोच. त्यामुळे गाडीतल्या दोन पोरांनी नानांना हाताला धरून अगदी अदबीनं पायरी चढवलेली पाहिली, तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की निदान सदरा तरी घालायचा होता. नाना पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यावर आणि बंडीवरच निघाले होते. गाडी गेली. मी मेथी निवडायला आत आले.

ती गाडी कुणासाठी आली होती, हे मात्र मला माहीत होतं. सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

कॉलनीच्या फाटकासमोर बसचा थांबा होता आणि त्या थांब्यावर एक बाई राहायची. कुठून आली, कधी आली, नाव काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. थांब्यावर एका बँकेची जाहिरात होती. तरुण नवरा-बायको नव्या घराच्या किल्ल्या हातात धरून दात दाखवत उभे. या बाईचं त्या दोघांशी दिवसभर भांडण चालायचं. “हसताय काय मेल्यांनो? पाणी कुणी भरायचं? केर कुणी काढायचा?” असं म्हणत ती स्वतःच केर काढायची. शहरातला सगळ्यात स्वच्छ थांबा तो असेल, पण त्यावर टेकायची कुणाची छाती नव्हती. कुणी बसलंच, तर ती केरसुणी घेऊन अंगावर यायची. माणसं उन्हात उभी राहायची आणि थांबा सावलीत रिकामा असायचा.

तिच्यावरून कॉलनीत उभे दोन तट पडले होते. एका तटाचा पुढारी अर्थातच विद्याधर. “सार्वजनिक जागा सार्वजनिकच राहिली पाहिजे,” हे त्याचं वाक्य मला झोपेतही म्हणता आलं असतं. दुसऱ्या तटाच्या पुढारी गायधनी सिस्टर. त्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. शेजारच्याच इमारतीत राहायच्या आणि बोलायला लागल्या की समोरच्याला इंजेक्शन टोचल्यासारखं व्हायचं. “तिला आजार झालाय, तिनं गुन्हा नाही केलेला,” असं त्या ठणकावून सांगायच्या. विद्याधरनं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, ‘थांबा नक्की कुणाचा?’ त्यावर सिस्टरांचं उत्तर आलं, ‘माणुसकीला थांबा आहे का?’ नंतर दोघं किराणा दुकानात समोरासमोर आले, की एकमेकांकडे न बघता साखर मागायचे.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. या बाईची आणि तिच्यासारख्या सगळ्यांची व्यवस्था उत्तम व्हावी, शास्त्रशुद्ध व्हावी, निसर्गाच्या सान्निध्यात व्हावी. म्हणजे कॉलनीपासून लांब.

आमच्या शहराची नुकतीच महापालिका झाली होती. नव्या नवलाईनं तिनं जकात नाक्यापलीकडे, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या गोदामात एक निवारा काढला होता. विद्याधरनं निवेदनांचा असा काही भडिमार केला, की शेवटी उपायुक्तांनी एक जनसुनावणीच घेतली. तिथे त्यानं आणखी एक मागणी पुढे केली. उचललेला माणूस कुणी येऊन ‘आमचा आहे’ म्हटल्याबरोबर सोडायचा नाही. आधी नातेवाइकांचं रीतसर समुपदेशन करायचं, त्यांची लायकी तपासायची, मगच विचार करायचा. “ज्यांनी आपल्या माणसाला रस्त्यावर येऊ दिलं, त्यांना जाब विचारला गेलाच पाहिजे!” तो म्हणाला. टाळ्या पडल्या. सिस्टरांनीसुद्धा वाजवल्या. उपायुक्तांनी मागणी जागच्या जागी मान्य केली.

तर त्या शनिवारी ही गाडी आली होती.

मेथी निवडून होते न होते, तोच विद्याधर नाचतच स्वयंपाकघरात आला. हातात मोबाइल. “झालं! उचललं!” महापालिकेनं फोटो पाठवला होता. गाडीच्या दारात एक पाठमोरं, थोडंसं वळलेलं माणूस, दोन्ही बाजूंना दोन कर्मचारी. गुप्तता पाळायची म्हणून चेहरा धूसर केलेला. खाली ओळ होती, ‘थांब्यावरील बेघर मनोरुग्ण व्यक्ती सुखरूप निवाऱ्यात.’ विद्याधरनं तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकूनही दिला होता आणि वर स्वतःचं वाक्य जोडलं होतं, ‘नागरिकांच्या लढ्याला यश!’ अंगठ्यांचा आणि फुलांच्या गुच्छांचा पाऊस पडत होता. कुणीतरी लिहिलं होतं, ‘किती भयानक दिसते!’

मी फोटो पाहिला. मग परत पाहिला.

“विद्याधर, हा लेंगा बघितलास का?”

“लेंगा?”

“मी दिवाळीला आणला होता. दोन आणले होते. एक तू घातलायस.”

त्यानं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग फोटोकडे. मग पुन्हा पायांकडे. एवढ्यात मोबाइलमध्ये आणखी एक गुच्छ आला.

“नाना कुठायत?” त्यानं विचारलं. गेली दोन वर्षं, सासूबाई गेल्यापासून, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. नाना असायचेच. कोपऱ्यातल्या खुर्चीत, नाहीतर सकाळी मैदानावर फिरायला.

रिक्षा करून आम्ही जकात नाक्यापलीकडे पोचलो. गोदामाला बाहेरून निळा रंग दिलेला होता आणि आत वऱ्हांड्यात टेबल टाकून निवाऱ्याच्या व्यवस्थापिका बसल्या होत्या. वाघचौरे मॅडम. ठेंगणी, शांत बाई. समोर एक माणूस त्यांना मोठमोठ्यानं रागावत होता आणि त्या वहीत मान घालून “हो, हो” करत होत्या. त्याचं रागावणं संपल्यावर तो निघून गेला आणि विद्याधर त्याच्या जागी उभा राहिला.

“तुम्ही माझ्या वडिलांना चुकून आणलंय,” तो म्हणाला.

“आम्ही कुणालाच चुकून आणत नाही,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “नाव?”

“माझं की त्यांचं?”

“तुम्हाला जे आठवतंय ते सांगा.”

झालं. विद्याधरचा आवाज एकदम चढला. “मी टेंभे! जागृत नागरिक मंचाचा अध्यक्ष! उपायुक्त मला नावानं ओळखतात! अहो, हा निवारा मुळात माझ्यामुळे चाललाय! या शहरात जे काही सुधारतंय ना, ते माझ्यामुळे सुधारतंय!” बोलताना तो हात हवेत गरागरा फिरवत होता. लेंगा बदलायचं त्याला सुचलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं.

वाघचौरे मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली. त्याच्याकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, “कधीपासून असं बोलतात?”

“लग्न झाल्यापासून,” मी म्हटलं.

खुलासा व्हायला थोडा वेळ लागला. खुलासा झाल्यावर बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पण नानांना सोडायला काही तयार होईनात. भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेकडे त्यांनी बोट केलं. ‘नातेवाइकांचे समुपदेशन झाल्याशिवाय कोणाही व्यक्तीस सोडले जाणार नाही.’

“नवीन नियम आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच मंचाची मागणी होती म्हणे. बसा.”

विद्याधर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो टेबलाच्या त्या बाजूला बसत होता, जिकडच्या माणसाला प्रश्न विचारले जातात.

“वडील सकाळी कुठे जातात?”

“मैदानावर. फिरायला.”

“मैदानावर नाही जात. थांब्यावर जातात. त्या बाईशेजारी बसतात. ती त्यांना एकट्यांना बसू देते. बरं, खायला काय आवडतं त्यांना?”

विद्याधरनं माझ्याकडे बघितलं.

“तिकडे बघू नका. तुम्हाला विचारतेय.”

“सगळंच... सगळं खातात ते. त्यांची काही तक्रार नसते.”

“स्वतःशी बोलतात, ते माहिताय?”

“वयोमानानं होतं थोडंफार.”

“तुमच्या आईशी बोलतात. भाजी काय आणू, म्हणून विचारतात. आमच्या पोरांना वाटलं, भ्रम आहे. मी विचारलं, तर म्हणाले, ती गेलीय हे मला ठाऊक आहे हो, पण सवय कशी जाणार?” बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. “तुम्ही त्यांच्याशी शेवटचं काय बोललात?”

“काल संध्याकाळीच बोललो.”

“काय?”

विद्याधर आठवत राहिला. “नाना, टीव्हीचा आवाज कमी करा,” शेवटी तो म्हणाला.

“त्याच्या आधी?”

“नाना, दार लावून घ्या.”

बाईंनी पेन उचलून तेवढं वहीत लिहून घेतलं. माझ्या संसारात मी विद्याधरला इतकी छोटी उत्तरं देताना पाहिलेलं नव्हतं. मला त्याची दया आली आणि थोडी मजाही वाटली, दोन्ही एकदमच.

मग त्यांनी आम्हाला आत नेलं. मोठ्या हॉलमध्ये गाद्या घातल्या होत्या, पत्र्यातून एका ठिकाणी पाणी गळत होतं आणि त्याखाली बादली होती. भिंतीशी कुणी तोंड वळवून निजलेलं होतं, कुणी एकटक बादलीकडे बघत बसलेलं. एक बाई हुंदके देत होती आणि दुसरी तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत होती. मधोमध सतरंजीवर पत्त्यांचा डाव रंगला होता आणि त्या डावात आमचे नाना होते. घोटून दाढी केलेली, केस कापलेले, अंगात निवाऱ्याचा निळा कुडता. दहा वर्षांनी लहान दिसत होते.

“नाना, चला,” विद्याधर म्हणाला.

“थांब रे. माझ्यावर झब्बू चढलाय.”

नानांच्या शेजारी उंच, किडकिडीत गृहस्थ बसले होते. गणपतराव त्यांचं नाव. विद्याधरला बघताच ते लगबगीनं उठले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, माझ्या बदलीची ऑर्डर निघाली का?”

“कसली ऑर्डर? मी काही...”

गणपतरावांचा चेहरा एकदम पडला. नानांनी पत्त्यांवरून मान उचलून मुलाकडे तसं बघितलं, जसं त्यानं लहानपणी कप फोडल्यावर बघत असतील. “निघतेय म्हण, विदू.”

“निघतेय,” विद्याधर म्हणाला.

“केव्हा?”

“लवकरच.”

गणपतरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन भरभरून हलवला आणि समाधानानं खाली बसून पत्ते पिसायला घेतले. नाना पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बदलीची वाट बघणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती.

“नाना, लोक काय म्हणतील? घरी चला ना,” विद्याधर आता जवळजवळ विनवत होता.

“लोकांना काय कळतंय? चेहरा पुसलाय म्हणाले फोटोत.” नानांनी पान टाकलं. “उद्या कॉलनीत सभा आहे ना? मॅडम आम्हा सगळ्यांना घेऊन येणार आहेत. तिथूनच घरी येईन. कपडे तेवढे आणून ठेव, वैजू. आणि एक सांग. ती कुठे आहे?”

“कोण?” मी विचारलं.

“थांब्यावरची.”

“थांब्यावरच आहे.”

“बरं,” नाना म्हणाले आणि मोठ्या खुशीत त्यांनी गणपतरावांवर झब्बू चढवला.

आम्ही दोघंच रिक्षानं परत आलो. थांब्यापाशी उतरलो, तर ती बाई जाहिरातीतल्या नवऱ्याला फैलावर घेत होती. विद्याधर तिच्याकडे बघत उभा राहिला. तिनं त्याला पाहिलं, केरसुणी उचलली, आणि तो झपाझप फाटकातून आत शिरला.

रविवारची सभा गणपतीच्या देवळासमोरच्या मांडवात होती. महापालिकेचा प्रस्ताव होता, की गोदाम गळतंय, तेव्हा निवारा आमच्या कॉलनीमागच्या बंद पडलेल्या शाळेत हलवावा. प्रस्तावाचा सुगावा लागल्यापासून कॉलनीत अभूतपूर्व एकी झाली होती. गायधनी सिस्टर विद्याधरशी बोलायला लागल्या होत्या. वडा आणि चहाची सोय होती म्हणून गर्दीही चांगली होती. विद्याधर मंचावर नगरसेविकाबाईंच्या शेजारी, खिशात विरोधाचं टाइप केलेलं भाषण. नाना निवाऱ्यात आहेत, हे आम्ही कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बाई थांब्यावरच दिसते, तर निवाऱ्यानं तिला परत सोडलं असेल, अशी बाकीच्यांची समजूत होती.

सभा सुरू झाल्यावर निवाऱ्याची गाडी आली. निळ्या कुडत्यांतली दहा-बारा माणसं उतरली आणि त्यांच्या पुढे नाना, हात लांब करून दाखवत होते, “तो बघा, तो दुसरा मजला आमचा.”

“अहो नाना!” पुढच्या रांगेतल्या कुलथेकाकू ओरडल्या. “तिकडे कुठे बसताय? इकडे या ना, खुर्ची आहे!”

“नको, मी यांच्याबरोबर आलोय,” नाना म्हणाले आणि गणपतरावांच्या शेजारी बाकावर बसले.

मांडवात कुजबूज उठली. कुणाला वाटलं, नाना समाजसेवा करायला लागले. कुणाला वाटलं, निळा कुडता ही नवी फॅशन आहे. विद्याधर मंचावर पाण्याचा पेला रिकामा करत होता.

भाषणं झाली. एका गृहस्थांनी सांगितलं, की त्यांचा निवाऱ्याला विरोध नाही, निवाऱ्याच्या जागेला आहे. दुसऱ्यांनी जागेला विरोध नाही असं सांगितलं, फक्त ती जागा इथे असायला नको होती. सिस्टर म्हणाल्या, अशा रुग्णांना शांतता लागते आणि आपली कॉलनी फार गोंगाटाची आहे. त्या बोलत असताना मांडवाबाहेरच्या पिंपळावर एक कावळा ओरडला, तेवढाच काय तो गोंगाट. मग एकजण आवेशानं म्हणाले, “ही माणसं केव्हा काय करतील, काही सांगता येत नाही!” बाकावर गणपतरावांनी गंभीरपणे मान हलवली. “खरंय,” ते शेजारच्याला म्हणाले, “मोठमोठे साहेब आहेत एकेक.”

नगरसेविकाबाईंनी वाघचौरे मॅडमना बोलायला सांगितलं. त्या उठल्या. “मी पगार घेते म्हणून चांगलंच बोलणार. तिथे राहिलेल्या माणसाला विचारा,” म्हणाल्या आणि नानांकडे बोट करून बसल्या.

नाना उभे राहिले. माइक त्यांनी हातात घेतला नाही.

“काल राहिलो मी तिथे,” ते म्हणाले. “डाळ पातळ होती. छप्पर गळतं. रात्री एकजण रडत होता, त्याच्यापाशी एक पोरगी बसून होती. बाकी बरं आहे.”

आता मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं. कुलथेकाकूंनी तोंडावर हात ठेवला. आदल्या दिवशी त्या फोटोखाली ‘किती भयानक दिसते’ असं त्यांनीच लिहिलं होतं.

“पण नाना, तुम्ही त्या गाडीत चढलातच कसे?” कुणीतरी विचारलं. “सांगायचं नाही का, की माझं घर समोरच आहे म्हणून?”

“विचारलंच नाही त्यांनी. आणि मीही सांगितलं नाही.” “ते तिला न्यायला आले होते. तिनं खांबाला मिठी मारली. रोज सगळ्यांवर ओरडते ना ती? काल तिच्या तोंडून आवाजच फुटेना. नुसती थरथरत होती. एकानं तिची बोटं सोडवायला घेतली. पोरं वाईट नव्हती, त्यांना वरून सांगितलेलं होतं, या थांब्यावरून एक माणूस आणायचाच. मी म्हटलं, माणूसच पाहिजे ना? मग मी येतो. तिला जायचं नव्हतं. मला चालणार होतं.”



“आणि खरं सांगू का,” नाना जरा ओशाळून हसले, “‘चला आजोबा’ म्हणून कुणी हाताला धरून कुठे नेलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. मला बरंच वाटलं.”

ते खाली बसले. नगरसेविकाबाई “आता मंचाचे अध्यक्ष टेंभेसर,” असं म्हणाल्या.

विद्याधर उठला. खिशातून भाषण काढलं. उलगडलं. चष्मा लावला. त्याच्या भाषणाची पहिली ओळ मला पाठ होती, ‘सार्वजनिक जागा’ इथूनच सुरू होणार होती. त्यानं कागद बघितला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

“शाळेवरचे पत्रे आधी बदलावे लागतील,” तो म्हणाला. मग बाकाकडे बघितलं. “आणि डाळ... डाळ जरा घट्ट करावी.”

आणि बसला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांचं इतकं छोटं भाषण कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि ते बाजूनं होतं की विरोधात, तेही कळेना. शेवटी सिस्टरच उठल्या. “टेंभे, म्हणजे तुमचा पाठिंबा आहे?”

“हो.”

“शाळेत? इथे? आपल्या मागे?”

“हो म्हटलं ना.”

सिस्टर सवयीनं विरोध करायला तोंड उघडून उभ्या राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता विरोध करायचा म्हणजे विद्याधरच्या जुन्या बाजूला जायचं. त्यांना ते काही जमेना. “मग काय, माझा तर पहिल्यापासून पाठिंबाच आहे!” असं ठणकावून त्या खाली बसल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंनी हळूच विचारलं, “तिथे बाहेरच्यांना घेतात का हो दुपारच्या वेळी? आमच्या सासूबाईंना पत्ते फार आवडतात.”

प्रस्ताव मंजूर झाला, पण एकमतानं नव्हे. काही घरं त्यानंतर आमच्याशी बोलेनाशी झाली, ती अजून बोलत नाहीत. जागृत नागरिक मंच फुटला. दुसऱ्या गटानं ‘सतर्क नागरिक मंच’ काढला आणि विद्याधरविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं लिहायला सुरुवात केली. ती वाचून तो म्हणायचा, भाषा चांगली आहे, माझीच आहे.

नाना त्याच संध्याकाळी घरी आले. जेवताना विद्याधरनं त्यांना विचारलं, “नाना, वांग्याची भाजी आवडते का हो तुम्हाला?” नाना म्हणाले, “मुळीच नाही.” वर्षानुवर्षं मी त्यांना दर बुधवारी वांगी वाढत आले होते. बाप-लेक हसायला लागले आणि मला काही केल्या थांबवता येईनात.

थांब्यावरच्या बाईचं मात्र असं एका संध्याकाळीत काही झालं नाही. गाडी पुन्हा पाठवायची नाही, एवढं ठरलं. निवाऱ्याची डॉक्टर पोरगी थांब्यावर यायला लागली. सुरुवातीला तिला केरसुणीचा प्रसाद मिळाला, मग नानांच्या शेजारी बसायची परवानगी मिळाली. गायधनी सिस्टर गोळ्या घेऊन जायच्या. त्या गोळ्या बरेच दिवस जाहिरातीतल्या जोडप्याच्या तोंडावर बसत होत्या. मग एखादी पोटात जायला लागली. पावसाळा सरता सरता तिनं नाव सांगितलं, सुभद्रा. कुठल्या तरी गावाचंही नाव सांगितलं. तिथून एक भाऊ येऊन लांबून बघून गेला, पुन्हा आला नाही. त्यानंतर काही दिवस ती नुसती पडून होती आणि नाना तिच्या उशाशी बसून आमच्या सासूबाईंशी भाजीबद्दल बोलत होते.

शाळेचे पत्रे बदलून झाले, निवारा तिथे आला, आणि एका सकाळी सुभद्रा नानांना म्हणाली, “चला, बघू तरी काय बांधलंय ते.”

सिस्टर रिक्षा आणायला धावल्या. “रिक्षा नको,” ती म्हणाली. “गाडी नको. मी चालत येणार. आणि माझं सामान तो उचलणार.”

तिचं बोट फाटकातून स्कूटर बाहेर काढणाऱ्या विद्याधरकडे होतं. तो कॉलेजला निघाला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

त्यानं स्कूटर स्टँडवर लावली. गाठोडं प्रचंड होतं. त्यात चादरी होत्या, डबे होते, आमच्या सगळ्यांच्या जुन्या साड्या होत्या. हातात मावेना, तेव्हा त्यानं ते डोक्यावर घेतलं. पुढे सुभद्रा, केरसुणी खांद्यावर टाकून. तिच्याबरोबर नाना. मागे अध्यक्ष. मी आणि सिस्टर कडेकडेनं. सगळी कॉलनी खिडक्यांत आली होती. सतर्क मंचवाले तर मोबाइल घेऊन फोटोच काढत होते, आणि यावेळी चेहरा धूसर करायची कुणालाच गरज वाटली नाही.

वळणावर विद्याधरचा पाय जरासा अडखळला. डबे खडखडले. सुभद्रा थांबली, मागे वळली आणि त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, “नीट चाल रे. पाडलंस तर तुझ्या बापाला सांगेन.”

“हो बाई,” विद्याधर म्हणाला, आणि दोन्ही हातांनी गाठोडं घट्ट धरून पुन्हा चालायला लागला.